माझ्या नावाचा होकार

कॉलेजच्या मेलवर रोज ढीगभर पत्रं येतात. त्यातली निम्म्याहून जास्त अशा जर्नलांची असतात, ज्यांना मी कोण आणि काय शिकवते याच्याशी काही देणंघेणं नसतं. ‘आदरणीय प्राध्यापक, आपला मौल्यवान पेपर त्वरित पाठवा, आठवड्यात छापू.’ मी अमरावतीत रसायनशास्त्र शिकवते आणि मला दातांच्या जर्नलची आमंत्रणं येतात. ती मी न उघडताच पुसते. त्या दुपारी प्रॅक्टिकल संपवून स्टाफरूममध्ये डबा खाता खाता तेच करत होते, तेव्हा एका मेलवर बोट थांबलं. जर्नलचं नाव ओळखीचं होतं. पीएच.डी. करताना त्यातले लेख झेरॉक्स करून आणायचे, समासात खुणा करायचे.

मेल तिथल्या संपादिकेचा होता. साधा, कोरडा. खालील पेपरवर तुमचं नाव दुसऱ्या क्रमांकाच्या लेखिका म्हणून आहे. हा पेपर तुम्ही वाचला आहे का, त्यातल्या कामात तुमचा भाग होता का आणि तो छापायला तुमची संमती आहे का, एवढं कळवा. तुमचा हा पत्ता आम्हाला तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर मिळाला.

पहिल्या क्रमांकाचं नाव माझ्या सरांचं होतं.

माझ्या मनात आधी संशय आला नाही. सरांनी आठवण ठेवली, याचाच आनंद झाला. शेजारी बसलेल्या मॅडमना मी सांगूनही टाकलं, की माझ्या गाईडनी इतक्या वर्षांनी माझं नाव घातलंय बघा. त्यांनी डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “असे गाईड कुठी भेटतात आता.”

त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं. सर अकोल्याला शिकवायचे. माझा विषय खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचा होता. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत, जमीन काळी आणि पीक बरं, पण खालचं पाणी खारट. गावोगावच्या विहिरींचे नमुने आणायचे आणि त्यातले क्षार मोजायचे, हे माझं काम. सुरुवातीला सर स्वतः सोबत यायचे. बाटली त्याच पाण्यानं आधी विसळ, काठोकाठ भर, झाकणावर नाव आधी घाल, हे त्यांनी मला विहिरीच्या कठड्यावर उभं राहून शिकवलं. एकदा उन्हाळ्यात गाडी बंद पडली, बर्फ वितळला आणि नमुन्यांची अख्खी पेटी तापली. मी म्हटलं, एवढ्यानं काय फरक पडतो. सरांनी सगळ्या बाटल्या माझ्यासमोर नालीत ओतल्या. “शंका आली का फेकून द्यायचं,” म्हणाले. “आपण फेकलं नाई तर पुढचा तेच खरं धरून चालते.” मी रडवेली झाले होते. मग सरांनीच घरी नेलं आणि बायकोला, आमच्या काकूंना, म्हणाले, हिला जेवू घाल, आज हिची मेहनत मी सांडली.

मेलसोबत पेपर जोडलेला होता. मी तो कौतुकानं वाचायला घेतला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, कोळशाची एक गाळणी, वीज न लागणारी. ती लावण्याआधी विहिरींच्या पाण्यात क्षार किती होते आणि लावल्यावर किती राहिले, याचा तक्ता. ‘आधी’चे आकडे माझे होते, माझ्या प्रबंधातले. ‘नंतर’चे नवीन. मोजणी मागच्या वर्षी केल्याचं लिहिलं होतं. आकडे फार चांगले होते. कोळशानं रंग जातो, वास जातो, पण पाण्यात विरघळलेलं मीठ एवढं कसं उतरेल? तरी मी स्वतःला समजावलं, की सरांनी काहीतरी नवीन शोधलं असेल. मग विहिरींची यादी वाचू लागले आणि एका विहिरीवर अडकले.

ती विहीर दर्यापूरकडच्या एका गावात, मी ज्यांना चाचा म्हणायचे त्यांच्या अंगणात होती. त्यांची छोटी शेती आणि गादी-रजई भरायचं दुकान. नमुना घ्यायला गेले की चाची मला चहाशिवाय सोडायच्या नाहीत. त्या पाण्याचा चहा केला तर दूध फाटायचं, म्हणून त्यांनी चहापुरतं गोडं पाणी वेगळ्या सुरईत भरून ठेवलेलं असायचं. ती विहीर बुजवल्याचं मला पुसटसं ऐकून माहीत होतं. पण आपली ऐकीव माहिती आणि समोर सरांचा पेपर. मी व्हरांड्यात जाऊन चाचांना फोन लावला.

“चाचा, मागच्या वर्षी तुमच्या विहिरीचं पाणी तपासायला कोणी नेलं होतं का?”

ते हसले. “बेटा, इहीरच कुठी आहे आता? रोड मोठा झाला तवाच बुजवली, लय वर्षं झाली. मुरूम टाकला, वरून डांबर. आता तिच्यावरून एस्टी जाते.”

“आणि पाणी गोड करायची गाळणी बसवायला कोणी आलं होतं का?”

“कायची गाळणी? कोणी नाई आलं. आलं असतं तर तुया चाचीनं चहा पाजल्याबिगर जाऊ देल्लं नसतं.”

मी परत येऊन बसले. डबा तसाच उघडा होता.

संध्याकाळी सरांना फोन केला. विषय काढताच ते म्हणाले, “फोनवर नको, घरी ये.” रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी सरांच्या बाजूनं कारणं शोधत होते. टाइप करणाऱ्यानं जुनी यादी उचलली असेल. नवीन विद्यार्थ्यानं फसवलं असेल आणि सरांना पत्ताच नसेल. असं असलं तर किती बरं होईल, असं मला वाटत होतं.

अकोल्याच्या जठारपेठेतलं त्यांचं घर मला पाठ होतं. या वेळी हॉलमध्ये पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती, त्यावर गाळणीचं चित्र. काकूंनी पोह्यांची बशी हातात देत कौतुकानं सांगितलं, “जावयानं कारखाना टाकला ना एमआयडीसीत. सर त्याईचे सल्लागार आहेत. रिटायर होऊन बसून राह्यले असते, त्याच्यापेक्षा बरं.”

सर आतून आले. माझी, मुलाची, कॉलेजची चौकशी केली. मग विचारलं, “मेल कोणत्या पत्त्यावर आला तुले?”

“कॉलेजच्या.”

“कॉलेजच्या,” ते स्वतःशीच म्हणाले. “तो त्याईले कुठून भेटला?”

हा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला, पण मी त्यावर थांबले नाही. चाचांची विहीर बुजल्याचं सांगितलं.

“एखाद्या इहिरीचा घोळ झाला असंन. नंबर खालीवर झाले असतीन.”

“बाकीच्या विहिरींवर गाळणी लावली होती, सर?”

सरांनी काकूंना पाणी आणायला सांगितलं. त्या आत गेल्यावर म्हणाले, “दोन ठिकाणी लावली होती. तिथी बरे आकडे आले. बाकीचे त्या हिशेबानं काढले. सगळे तसंच करतात.”

“पेपरमध्ये ‘मोजले’ असं लिहिलंय.”

“तू मले इंग्रजी शिकवून राह्यली का?”

आवाज चढवायचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि तेव्हाही त्यांनी तो चढवला नव्हता. मग तेच मऊ होऊन म्हणाले, “हे पाय, तुझं नाव मी तुझ्यासाठी टाकलं. तुझं प्रमोशन अडलं आहे, मले माहीत आहे. चांगल्या जर्नलात एक पेपर आला तर तुझं काम होऊन जाते. विचारायचं राह्यलं, मान्य. घरचं माणूस म्हणून नाई विचारलं. ते मेलबिल नुसते कागदी सोपस्कार असतात. हो म्हणून टाक.”

“मला थोडा विचार करू द्या.”

“कर ना. मी तुझ्यापासून लपवून आजवर काही केलं का?”

मी नाही म्हटलं. तेव्हा ते मला खरंच वाटत होतं. निघताना काकूंनी कुरड्यांची पिशवी दिली. सर फाटकापर्यंत आले, ऑटोवाल्याला स्वतः थांबवलं आणि स्टेशनला नीट सोड म्हणून सांगितलं.

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. प्रमोशनचा विचार मनात आला नाही असं नाही. पण डोळ्यांपुढे ती एस्टी येत होती. शेवटी संपादिकेला चार ओळी लिहिल्या. ‘आधी’चे आकडे माझ्या प्रबंधातले आहेत. ‘नंतर’च्या मोजणीत माझा भाग नाही. यादीतली एक विहीर मोजणीच्या आधीच बुजवलेली आहे. माझी संमती नाही. सरांबद्दल एक शब्द लिहिला नाही. पेपर थांबेल, सर रागावतील, मग शांत होतील आणि खऱ्या मोजण्या करू म्हणतील, अशी माझी समजूत होती. मी सोबत येईन, असंही मी मनात ठरवून टाकलं होतं.

तिचं उत्तर आलं ते मी उभ्यानं वाचलं.

तिनं लिहिलं होतं, की पेपर दाखल करताना माझा म्हणून एक वेगळाच पत्ता दिला गेला होता, फुकटच्या मेलवरचा. त्या पत्त्यावरून माझा होकार त्यांना कधीच मिळालेला आहे. लेखकाचा पत्ता त्याच्या संस्थेचा नसला तर ते एकदा संस्थेच्या पत्त्यावरही विचारतात, म्हणून तिनं कॉलेजच्या मेलवर लिहिलं. आता रविवारी संध्याकाळी त्या पहिल्या पत्त्यावरून आणखी एक मेल आला आहे. त्यात म्हटलंय, की माझं कॉलेजचं खातं दुसऱ्याच कोणाच्या हातात गेलंय, तिथून काही उत्तर आलं तर ते धरू नये. तेव्हा माफ करा, पण तुम्ही तुम्हीच आहात हे आम्हाला कसं कळावं?

दोन्ही मेल तिनं खाली जोडले होते. खाली सही म्हणून माझं नाव. माहेरच्या आडनावासकट. ते आडनाव माझ्या प्रबंधावर आहे आणि लग्नानंतरही मला त्याच नावानं हाक मारणारे सरच होते.

रविवारी संध्याकाळी. म्हणजे मी मूर्तिजापूर-बडनेऱ्याच्या मध्ये कुठेतरी, मांडीवर कुरड्यांची पिशवी घेऊन बसले होते, तेव्हा. ऑटोवाल्याला नीट सोड म्हणून सांगून सर घरात गेले असतील, चष्मा लावला असेल आणि मी असल्यासारखं लिहायला बसले असतील. ‘कोणत्या पत्त्यावर आला’ हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते मला तेव्हा कळलं.

आकडे खोटे लिहिल्याचं मी एक वेळ पचवलं असतं. जावई आहे, कारखाना आहे, म्हातारपणी माणूस घसरतो. पण माझ्याशी बोलून, मला पोहे खाऊ घालून, मीच खोटी आहे असं त्यांनी माझ्याच सहीनं लिहावं?

यानंतर मला मी असल्याचं सिद्ध करावं लागलं. प्राचार्यांकडे पत्र मागायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मॅडम, कायले लफड्यात पडता? नाव काढून टाका म्हणा आन् मोकळ्या व्हा,” म्हणाले, पण सही-शिक्का दिला. मग संपादिकेनं व्हिडिओवर बोलायचं सुचवलं. पांढऱ्या केसांची, माझ्याहून बरीच मोठी बाई. मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, त्याबद्दल तिनं दोनदा माफी मागितली. मी ओळखपत्र दाखवलं. तिनं ते नीट पाहिलं, पण खरी खात्री तिनं वेगळ्या वाटेनं करून घेतली. नमुने कसे घेतले, किती खोल, कोणत्या ऋतूत, बाटल्या कुठे ठेवायचा, असं विचारत गेली. मी सांगत गेले. सांगता सांगता लक्षात आलं, की मी सरांचीच वाक्यं सरांच्याच क्रमानं बोलते आहे. मी पाण्याचा ग्लास उचलला. तिला वाटलं मी घाबरले. म्हणाली, हवं तर थांबू या.

पेपर त्यांनी परत केला. सरांच्या जुन्या कॉलेजला कळवावं लागेल, तो आमचा नियम आहे, असं तिनं मला आधी सांगितलं. मी नको म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

सरांचा फोन आला नाही. काकूंचा आला. “तुले काही वाटलं तर त्याईच्याशी बोलायचं होतं. परक्या माणसाले कायले सांगा? त्याईनं तुले लेकीसारखं पाह्यलं.” मी त्यांना त्या दोन मेलबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्याईले कॉम्प्युटर एवढा येत नाई,” आणि फोन ठेवला. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी ‘गुरूच्या पाठीत सुरा’ असं काहीसं लिहिलं. त्यात माझं नाव घेतलं नव्हतं, पण त्याखाली पसंतीचे अंगठे टाकणाऱ्यांत एके काळी प्रयोगशाळेत रोज माझ्यासोबत असलेली माणसं होती. त्यांच्यापैकी एकानंही मला काय झालं ते विचारलं नाही. मी ग्रुपमधून बाहेर पडले.

काही महिन्यांनी तोच पेपर दुसरीकडे छापून आला, मी ज्यांचे मेल न उघडता पुसते तसल्या एका जर्नलात. नावात ‘आंतरराष्ट्रीय’ होतं, वर सुबक चिन्ह होतं आणि परीक्षकांनी तपासलेला असल्याचं ठळक लिहिलं होतं. तक्ता तोच. चाचांची विहीरही तशीच, पाणी गोड झालेली. लेखकांत माझं नाव नव्हतं. शेवटी आभारांत होतं, माहेरच्या आडनावानं.

मी त्यांना सविस्तर लिहिलं. विहीर बुजवल्याचं ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं. उत्तर लगेच आलं. माझ्या आस्थेबद्दल त्यांनी आभार मानले होते आणि मला संपादक मंडळावर येण्याचं निमंत्रण दिलं होतं. पुन्हा लिहिलं तर पुन्हा तेच निमंत्रण आलं. सरांच्या कॉलेजनं पहिल्या संपादिकेला उत्तरच दिलं नाही, असं तिनं मला नंतर कळवलं. आपल्या जर्नलात काय छापायचं एवढंच तिच्या हातात होतं, आणि ते तिनं केलं होतं. तिच्या दाराबाहेर कोण कसली पाटी लावून बसतो, त्याला ती तरी काय करणार?

मग एक दिवस चाचांचाच फोन आला. “बेटा, गाळणी आली गावात. पंचायतीच्या बाजूले बसवली. बोर्डावर लिहेल आहे, शास्त्रीय संशोधनानं सिद्ध. पेवाव का?”

“चाची काय म्हणतात?”

“ती म्हणते, चहा तर फाटूनच राह्यला.”

मी गेले. गाळणीच्या आधीचं आणि नंतरचं पाणी भरलं आणि आमच्या प्रयोगशाळेत तपासलं. रंग जरा निवळला होता, क्षार जवळजवळ जागच्या जागी होते. चाचांना पिऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, काहींनी ऐकलं. बाकीचे म्हणाले, छापून आलेलं खोटं असतं का? पंचायतीच्या एका तरुण सदस्यानं मला मोबाइलवर तो पेपर उघडून दाखवला आणि आभारांतलं नाव वाचून विचारलं, “मॅडम, हे तुमच्याच नावाचं दुसरं कोणी आहे का?”

त्यानंतर मी आणखी गावांतल्या गाळण्यांचं पाणी तपासायला घेतलं. जे निघालं ते लिहून त्या पहिल्या जर्नलला पाठवलं. परीक्षकांनी दोनदा परत केलं. अमुक नमुना पुन्हा घ्या, तमुक मोजणी दुसऱ्या पद्धतीनं करून दाखवा. एकानं तर मला सरळ विचारलं होतं, की तुमचा या गाळणीशी काही वैयक्तिक संबंध आहे का. त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अजून ते छापून आलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात चांदूर रेल्वेला आमच्या एका जुन्या सोबत्याच्या मुलीचं लग्न होतं. जावं की नाही करता करता गेले. मांडवात सर होते. वाळले होते, पण कपड्यांना इस्त्री तशीच कडक. काकूंनी मला पाहून नजर वळवली. मी मागच्या खुर्चीत बसणार, तोच सरांनी हात वर करून बोलावलं. त्यांच्यासोबत कोणी पाहुणे बसले होते, पाणीपुरवठ्याच्या कामातले असावेत.

“ही माझी विद्यार्थिनी,” सर त्यांना म्हणाले, पूर्वी म्हणायचे त्याच सुरात. “खारपाणपट्ट्यावर पहिलं पक्कं काम हिचं आहे. आमचं सगळं हिच्या आकड्यांवर उभं आहे.”

पाहुण्यांनी हात जोडले. सरांनी माझ्याकडे पाहिलंही, अगदी सरळ. त्या नजरेत राग नव्हता, लाजही नव्हती. काही घडलंच नाही असं त्यांना खरोखर वाटत होतं की काय, हे मला आजही ठरवता येत नाही. बोलायचं होतं ते सगळं तोंडाशी आलं. पण अक्षता पडायला लागल्या, लोक उठले आणि पाहुण्यांना कोणीतरी पुढे नेलं.

मी जेवले नाही. आहेराचं पाकीट दिलं आणि स्टेशनवर येऊन बडनेऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसले.